जाळीच्या अलीकडे

१४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी आज काठी सोडायला सांगितली. गाडी चालवायला अजून मनाई. नवा गुडघा छान बसलाय म्हणाले. बाकीचा माणूस जुनाच आहे, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी जेनेल फोर्टेनबेरी पेकन-पाय घेऊन आली, अक्रोडासारख्या दाण्यांचा भाजलेला गोड पदार्थ. नवरा कर्टिस गेल्यापासून ती अधूनमधून असं काहीतरी करून आणते. कर्टिस आणि मी वीस वर्षं जोडीने बेसबॉलची अंपायरगिरी केली. फेब्रुवारी ते मे, दर शुक्रवार ते रविवार, कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या मैदानावर. एक जण होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या, मागे, दुसरा बेसवर. मित्राची बायको म्हणून तिला माझी काळजी वाटते, आणि मला त्याचा थोडा संकोच वाटतो.

मेच्या अखेरीला मी कायमचा लांब पश्चिमेला टक्सनला, मुलीकडे, डार्सीकडे राहायला जाणार हे तिला माहीत आहे. ती म्हणाली, जाण्याआधी ही मैदानं एकदा बघून घ्या. मी म्हटलं, सगळी बघून झालीत, काहींची तर माती नुसत्या चवीवरून ओळखेन.

"कुठे बघितलीत?" ती म्हणाली. "सगळा जन्म लोकांकडे पाठ करून उभे होतात तुम्ही."

कर्टिसबरोबर ती सगळीकडे जायची. तो खाली मैदानात, ही वर खुर्चीत. त्यामुळे कुठे बसावं, काय खावं, कुठल्या बाजूला ऊन लागतं, हे तिला पाठ आहे. गाडी तीच चालवणार. विचार करून सांगतो म्हटलं, तर म्हणाली विचार करायचा नाही, शनिवारी अकराला तयार राहा.

आभार म्हणून तिला जेवायला बाहेर न्यावं असं मनात आलं. पण कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. मंगळवारी एवढी गर्दी कशाची कोण जाणे. सगळी जोडपीच दिसत होती. परत येऊन दोघांनी घरीच पेकन-पाय खाल्ला. अप्रतिम होता.

१८ फेब्रुवारी, शनिवार

स्टार्कव्हिल. घरापासून जेमतेम अर्धा तास.

मी सवयीने होम प्लेटच्या मागच्या जाळीकडे वळलो. जेनेलने दंडाला धरून मला पार उलट्या टोकाला नेलं, लेफ्ट फील्डच्या कुंपणाबाहेर. तिथे घराघराच्या शेगड्या मांडलेल्या. कोळशावर बरगड्या, सॉसेज, मक्याची कणसं. मॅकअल्पिन नावाचं एक कुटुंब वडिलांच्या वेळेपासून तिथे बसतंय. जेनेलला पाहून त्यांनी खुर्च्या सरकवल्या, जणू ती गेल्याच आठवड्यात येऊन गेली होती. ती कोण, कोणाची बायको, हे त्यांना अजून ठाऊक नाही. त्यांच्या लेखी ती "भरल्या अंड्यांवाली बाई". ती दर वेळी घरून मसाला भरलेली उकडलेली अंडी आणते.

हा धूर मी उमेदीची सगळी वर्षं होम प्लेटवरून हुंगला. वारा आमच्या बाजूला वळला की मुखवट्याच्या आत तोंडाला पाणी सुटायचं. आणि मॅच संपल्यावर आम्हाला कपडे बदलायच्या खोलीत काय, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गार सँडविच. आज दोन बरगड्या खाऊन तिसरी मागून घेतली हे इथे लिहायला हरकत नाही.

खेळ बघणं मात्र जमत नाही. प्रत्येक चेंडूला निर्णयाची खूण द्यायला माझी उजवी मूठ आपोआप वळते. तिसऱ्या इनिंगमध्ये मॅकअल्पिनच्या जावयाने अंपायरच्या डोळ्यांचा उद्धार केला. मी वळून त्याला नियम सांगणार, तोच जेनेलने बाही ओढली.

"अंपायरच्या घरच्यांनी तोंड उघडायचं नाही. पहिला धडा," ती कुजबुजली.

म्हटलं, वीस वर्षं हे ऐकून घेतलंत? ती म्हणाली, पहिल्या वर्षी रडायचे, दुसऱ्या वर्षापासून अंडी वाटायला लागले. तोंडात अंडं असलं की माणूस शिव्या कमी देतो.

अंडी माझ्यासाठी वेगळ्या डब्यात होती, बिनमोहरीची. मला मोहरी सोसत नाही हे तिला कर्टिसने कधीतरी सांगितलं असणार. ती माझ्या डाव्या बाजूला बसली. माझा उजवा कान चेंडू लागून गेलेला आहे, तेव्हा ते सोयीचंच झालं. तिला डावीच बाजू आवडते म्हणाली.

५ मार्च, रविवार

डार्सीचा फोन. माझ्यासाठीच्या मागच्या खोलीला रंग देऊन झाला. फिकट पिवळा. खिडकीतून डोंगर दिसतो. कालच्या मॅचला कोणाबरोबर गेला होतात, तिने विचारलं. जेनेलबरोबर, आता दर शनिवारी जातो, असं सांगितलं. डार्सीने मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग हसायला लागली. फोनमध्ये बिघाड असावा.

१८ मार्च, शनिवार

क्लीव्हलंड. ओहायोमधलं मोठं शहर नव्हे, आमचं, इथल्या नदीकाठच्या डेल्टामधलं. छोटं कॉलेज, छोटं मैदान. इथल्या पोरांनी संघाचं चिन्ह म्हणून हौसेने घेतलेलं सोंग म्हणजे मुठी वळून उभी राहिलेली चिडकी भेंडी. भेंडीचा पोशाख घातलेला एक विद्यार्थी कुंपणापाशी नाचत होता आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा "भेंडीला घाबरा" म्हणून ओरडत होत्या. मी इथे कितीतरी वेळा उभा राहिलोय, पण भेंडी माझ्या पाठीमागे होती. कधी दिसलीच नाही.

लोकांनी घरून घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. आजूबाजूला नजर जाईल तिथवर सपाट शेतं. सेंटर फील्डच्या मागे ऊन उतरत गेलं. एवढं जवळून खेळ दिसतो की चेंडू टाकणाऱ्या पिचरचं पुटपुटणं ऐकू येतं. मोठ्या मैदानांत हे नाही. मला आजवरचं हे सर्वांत आवडलं, आणि जेनेलला हे आधीच ठाऊक होतं, कारण "बघा, म्हटलं नव्हतं?" असा तिचा चेहरा होता.

आता खरी गोष्ट. सहाव्या इनिंगमध्ये फलंदाजाच्या गुडघ्याच्या खालून गेलेला चेंडू अंपायरने स्ट्राइक, म्हणजे योग्य, ठरवला. हातभर खालून. आणि मी उभा राहून ओरडलो, "अरे, घरी चष्मा विसरलास का?" माझाच आवाज. आधी मला वाटलं दुसरं कोणीतरी ओरडलं. मान खाली घालून बसलो. त्या माणसाला घरीदारी कोणी असेल, गाडीत गार सँडविच असेल, सगळं मनात येऊन गेलं. आणि तरी, काय सांगू, फार बरं वाटलं. इतकी वर्षं लोक हे का करत होते ते एकदम समजलं.

जेनेल हसून हसून लाल झाली. डोळे पुसत म्हणाली,

"कर्टिस माझ्या शेजारी बसून असा कधी ओरडला नाही. शेजारी बसलाच नाही ना कधी. सगळ्या बायकांचे नवरे शेजारी, माझा तिकडे लांब, मुखवटा घालून. कोणी शेजारी बसून मॅच बघतंय, हे मला या वर्षीच मिळतंय."

तेवढ्यात उकडलेल्या शेंगा संपल्या, म्हणून मी आणखी आणायला गेलो.

१ एप्रिल, शनिवार

ऑक्सफर्ड. झाडं नुकती पालवलेली. जेनेलने नवी हॅट घातली होती, रुंद काठाची, निळ्या फितीची. मागे बसलेल्या माणसाला अडचण होईल असं मी म्हटलं. तिने काढून मांडीवर ठेवली.

इथे राइट फील्डला विद्यार्थ्यांचा कळप असतो. आपल्या संघाने होम रन मारला की हातातले बिअरचे पेले सगळे एकदम आकाशात उडवतात. खाली उभा असताना मला ते लांबून कारंज्यासारखं दिसायचं. आज जेनेल मला मुद्दाम त्याच्या काठावर घेऊन गेली. चौथ्या इनिंगमध्ये चेंडू कुंपणापार गेला आणि आम्ही दोघं नखशिखान्त भिजलो. माझ्या भुवयांवरून बिअर गळत होती. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही आमचे." जेनेलने स्वतःच्या रुमालाने माझा चष्मा पुसून दिला. तिचे हात थंड होते.

तिथेच मला आठवलं आणि मी सांगून टाकलं की घराला गिऱ्हाईक मिळालंय, त्याला लवकर हवंय, तेव्हा मी मेच्या अखेरीऐवजी मध्यावरच निघेन. डार्सी तेराला येऊन सामान बांधायला मदत करणार.

ती "बरं" म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने गाडीची काच तीनदा खाली-वर केली. रेडिओ लावला, बंद केला. ओल्या कपड्यांनी थंडी वाजली असावी.

१२ एप्रिल, बुधवार

जेनेलचा फोन. तिला पडसं झालंय, शनिवारी टस्कलूसाला येणार नाही. गुडघ्याला गाडी चालवायची परवानगी मिळाली आहे ना, मग आता तुम्ही एकटे जाऊ शकता, म्हणाली. खरंच आहे ते.

१५ एप्रिल, शनिवार

टस्कलूसाला एकटा गेलो. ऊन चांगलं, गवत चांगलं, दोन्ही पिचर उत्तम. शेंगा घेतल्या. अर्ध्या उरल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर टोपी ठेवली. एका चुकीच्या निर्णयावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडून वळून बघायचं कोणाकडे?

सातव्या इनिंगला उठून आलो. नऊ इनिंगची मॅच अजून संपायची होती, पण खुर्च्या कडक आहेत तिथल्या.

२९ एप्रिल, शनिवार

कुठे गेलो नाही. किराणा दुकानात जेनेल भेटली. पडसं दिसत नव्हतं. नवी हॅट घालून होती. इथे तर ऊन नव्हतं. डार्सी आली की आपण तिघं हॅटिसबर्गला जाऊ या का, मी विचारलं. डार्सीसाठी येईन म्हणाली. लहानपणी डार्सी सुट्टीत माझ्याकडे यायची तेव्हा मॅचला जेनेलच्याच शेजारी बसायची. डार्सीची आई आणि मी वेगळे झालो त्यानंतरची गोष्ट. वेगळं व्हायला कारण काही मोठं नव्हतं. वसंतातला एकही शनिवार मी घरी नसायचो.

१३ मे, शनिवार

हॅटिसबर्ग. डार्सी विमानतळावरून थेट तिथे आली. तिला आणि जेनेलला एकमेकींना मिठी मारताना बघून मला वाटलं मीच पाहुणा आहे.

राइट फील्डच्या कुंपणाबाहेर उंचवटा आहे, पाइनच्या झाडांखाली. तिथे लोक ट्रकच्या पाठीवर बसून मॅच बघतात. प्रतिस्पर्ध्यांच्या राइट फील्डरला नावाने हाका मारतात, त्याच्या आजीची चौकशी करतात, त्याने चांगला झेल घेतला तर टाळ्याही वाजवतात. आज त्या पोराने वळून टोपी काढून नमस्कार केला आणि आख्ख्या टेकाडाने त्याला सॉसेज देऊ केलं. खेळणाऱ्याला आणि बघणाऱ्याला एकमेकांचे चेहरे दिसणं, हे या कॉलेजच्या मैदानांचं खरं सुख. मोठ्या लीगच्या स्टेडियममध्ये माणसं मुंग्यांएवढी दिसतात.

डार्सी आधी आमच्या दोघांच्या मध्ये बसली. मग तिने आम्हा दोघांकडे बघितलं, उठली आणि पलीकडे जाऊन बसली. जेनेल माझ्या डावीकडे आली. डबा उघडला. बिनमोहरीची अंडी होती. डार्सीने एकदा अंड्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

जेनेल छान होती, हसतखेळत होती. फक्त शेवटी गाडीपाशी तिने माझा हात हातात घेऊन "सुखरूप जा, हॉलिस" असं म्हटलं. जणू मी तिथूनच निघणार होतो.

१४ मे, रविवार

सकाळी कॉफी पिताना डार्सीने विचारलं, मिस जेनेलबद्दल तुम्ही काय ठरवलंय? मी म्हटलं, तिला कर्टिसची आठवण येते, म्हणून मैदानांवर जायचं असतं, मी सोबत करतो. डार्सीने कप खाली ठेवला.

"डॅडी, लहानपणी तुम्हाला कोणी आंधळा म्हटलं की मी भांडायला उठायचे. मिस जेनेल मला फ्रॉक धरून खाली बसवायच्या. एवढी भांडले मी तुमच्यासाठी. उगाच भांडले. लोक बरोबर बोलत होते."

मग ती एकेक गोष्ट सांगू लागली. हॅट. अंडी. डावी बाजू. मी म्हटलं, तिला डावी बाजू आवडते. डार्सी म्हणाली, मग त्या कर्टिसकाकांच्या कुठल्या बाजूला चालायच्या, आठवतं? आठवलं. उजव्या. डावी बाजू माझ्या कानासाठी होती.

मी तिच्या पिवळ्या खोलीबद्दल बोललो. ती म्हणाली, खोली कुठे पळून जात नाही. मला डॅडी जवळ हवेत, हे खरं. पण दर शनिवारी खिडकीत बसून डोंगर बघणारे डॅडी घेऊन मी काय करू?

दिवसभर खोकी भरत होतो. काय भरलं ते विचारू नये.

१७ मे, बुधवार

सकाळी घराच्या गिऱ्हाइकाला घर विकत नाही असं कळवलं. तो चिडला. चिडलेली माणसं मला नवी नाहीत.

मग जेनेलकडे गेलो. अंगणात गाडीची चारी दारं उघडून ती व्हॅक्यूमने आतली शेंगांची टरफलं काढत होती. माझीच टरफलं. मी म्हटलं, मी टक्सनला जात नाही. यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडलो, ते समोरच्या घरातल्या बाईलाही ऐकू गेलं.

तिने यंत्र बंद केलं. "का?"

वाटेत मी बरंच जुळवून आणलं होतं. तोंडातून निघालं ते, "इथली मैदानं चांगली आहेत."

तिने यंत्र पुन्हा चालू केलं.

मी गॅरेजमध्ये जाऊन वाकून भिंतीतून वायर उपटली. नव्या गुडघ्याला ते मुळीच आवडलं नाही. यंत्र शांत झाल्यावर म्हटलं,

"टस्कलूसाला मी सातव्या इनिंगला उठून आलो. मुसळधार पाऊस सोडला तर मॅच अर्धी टाकून मी कधीही निघालेलो नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती, जेनेल. खेळ दिसत होता सगळा, पण बघितला नाही मी."

ती गाडीच्या सीटच्या कडेला बसली, पाय बाहेर. नळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"निर्णय द्यायला फार वेळ लावता तुम्ही," ती म्हणाली. "आणि हल्ली तर व्हिडिओ बघून निर्णय फिरवतात."

"माझ्या वेळी व्हिडिओ नव्हता."

हसली. मग डोळे पुसले. मग डार्सीचं काय, तिने एवढा रंग दिला, म्हणाली. मी सांगितलं की मला इथे पाठवलं डार्सीनेच. तेव्हा जेनेल म्हणाली, हिवाळ्यात आपण तिच्याकडे जाऊन राहू, तिथलंही कॉलेजचं मैदान चांगलं आहे असं ऐकलंय.

'आपण' म्हणाली.

दुपारभर आम्ही टरफलं काढली. मागच्या सीटखाली स्टार्कव्हिलपासूनची होती.

३ जून, शनिवार

बॅटन रूज. कॉलेज स्पर्धेची प्रादेशिक फेरी. सकाळी लवकर निघालो, आलटून पालटून गाडी चालवली. इथे मैदानाबाहेरचा स्वयंपाक आतल्या खेळाइतकाच मनावर घेतात. माणूसभर उंचीच्या पातेल्यांत भात, सॉसेज, कोंबडी शिजत असते आणि ढवळायला होडीचं वल्हं. जांभळ्या शर्टातल्या एका अनोळखी बाईने आम्हाला बोलावलं. तिचं नाव युला थिबोदो. टेबलावर कागद अंथरून तिने उकडलेले तिखट झिंगे ओतले आणि खा म्हणाली. कोण, कुठले, कुठल्या संघाचे, काही विचारलं नाही.

दुसऱ्या इनिंगला आभाळ फाटलं. मैदानावर ताडपत्री ओढली. आत कोणी वैतागलं नाही. आम्ही सगळे परत युलाच्या तंबूत. पावसाचा आवाज कापडावर, खाली वाफ, लोक पत्ते खेळत होते, कोणीतरी अकॉर्डियन काढलं. मैदानात असताना पावसाच्या खोळंब्याइतकं मला काही नकोसं नसायचं. चार भिंतींत बूट घालून घड्याळ बघत बसायचं. आज वाटलं, पडू दे अजून तासभर.

झिंगे सोलता सोलता युलाने जेनेलला विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

जेनेलने एक झिंगा सोलला, खाल्ला, बोट चाटलं. म्हणाली, "अजून विचारलंच नाही ह्याने. मी वाट बघतेय."

तंबूत पत्ते थांबले. अकॉर्डियन थांबलं. युलाचा नवरा वल्हं हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडात घास होता. होम प्लेटवर दहा हजार माणसं माझ्या हाताकडे बघत असायची तेव्हाही कान असे गरम झाले नव्हते. घास गिळला, खुर्चीतून उठलो आणि तिचा हात धरायला वाकलो.

"आधी हात धुऊन ये," जेनेल म्हणाली. "कोपरापर्यंत तिखट आहे."

नळ स्टेडियमच्या पलीकडच्या अंगाला. तिथे रांग. पावसाने सगळे आडोशाला आलेले, प्रत्येकाचे हात लाल. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने काय घाई आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्याने पुढच्याला सांगितलं. असं करत ती रांग बाजूला झाली आणि मी पहिला झालो. साबण नव्हता. कोणीतरी लिंबू दिलं.

परत गेलो. गुडघ्यावर बसायला जमणार नव्हतं, म्हणून उभ्यानेच विचारलं. ती हो म्हणाली. चांगल्या कानाच्या बाजूने म्हणाली, तेव्हा ऐकण्यात चूक नाही.

मग पाऊस उघडला, ताडपत्री निघाली आणि आम्ही आत जाऊन बसलो. मॅच फार लांबली. शेवटपर्यंत बघितली.